झिंबाब्वेचा तट आणि त्याच्या पायाची माती

इ.स. १५५२ मध्ये लिस्बन शहरी जुआंव द बारुश या इतिहासकाराने पूर्वेकडील पोर्तुगीज पराक्रमाच्या आपल्या बखरीचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सोफाळा बंदरापासून आत, सोन्याच्या खाणींच्या मुलखात, मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या एका दगडी गढीचे वर्णन त्याने त्यात घातले. चुन्याचा लवलेश नसलेल्या प्रचंड दगडांच्या, पंचवीस वितींहून अधिक जाडीच्या भिंती. शेजारी एक उंच मनोरा. दरवाजावर कोणाही विद्वान मूर व्यापाऱ्यास न वाचता आलेला लेख. आणि हे काम मनुष्यांचे नसून सैतानाचे आहे अशी तेथील लोकांची समजूत, असा तो मजकूर आहे. बारुश हा व्यापारी खात्याचा मोठा अंमलदार होता. पूर्वेकडून येणारे कागद त्याच्या हाताखालून जात. परंतु त्या मुलखात तो कधी गेला नव्हता, आणि सोफाळ्याच्या व्यापाऱ्यांची ऐकीव हकीकत हाच त्याचा आधार होता. गढी चौकोनी असल्याचे तो लिहितो. ती आहे लंबगोल. ज्या लेखाचे त्याने वर्णन केले, तो आजवर कोणाच्याही दृष्टीस पडलेला नाही. हे नगर शेबाच्या राणीच्या मुलखाशी जोडण्याचा मोहही त्याला आवरला नाही. पुढे चारशे वर्षे या नगरावर जो अन्याय झाला, त्याचे बीज या पहिल्याच छापील वर्णनात सापडते: दगडांकडे सर्वांनी पाहिले, आणि शेजारी राहणाऱ्या माणसांना या कामाचे कर्तेपण देण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

त्या काळी सोफाळ्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीत चाले, आणि मोझांबिकचा किनारा गोव्याच्या सत्तेपासून अलग झाला तो १७५२ साली. या सोन्याच्या व्यापाराची सूत्रे दोन शतकांहून अधिक काळ मांडवीच्या काठावरून हलत होती, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. आपल्या किनाऱ्याचा या नगराशी असलेला संबंध मात्र त्याहूनही जुना आहे. त्याकडे पुढे वळू.

आजच्या झिंबाब्वे देशात मास्विंगो शहराच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरांवर हे अवशेष पसरलेले आहेत. ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या, त्यांच्यामधली गवताळ खोरी आणि दूर दक्षिणेकडे उतरत गेलेली सखल भूमी, असा तो प्रदेश आहे. ग्रॅनाइटचे हे घुमट दिवसाच्या उन्हाने तापतात, रात्रीच्या थंडीने निवतात, आणि या नित्याच्या ताणाने त्यांच्या पृष्ठभागाचे समांतर पापुद्रे सुटून उतारावर घसरतात. कारागिरांना खडक फोडण्यापूर्वीच निसर्गाने एकसारख्या जाडीच्या शिळा काढून ठेवल्या होत्या. अधिक हव्या असतील तर खडकावर जाळ करून वर पाणी ओतले की झाले. त्या शिळांचे हातात मावतील असे चिरे पाडून थरावर थर रचावयाचे, दर्शनी दोन्ही अंगे नेटकी बसवावयाची, मधला गाभा साध्या दगडांनी भरावयाचा आणि वर जाताना भिंत किंचित आत झुकवावयाची, ही तेथील बांधणीची रीत होय. चुना नाही, गारा नाही. दगडाचा भार दगडावर, आणि तो तोलण्याची सारी जबाबदारी गवंड्याच्या नजरेवर.

खोऱ्यातील मोठ्या कोटाची बाहेरची भिंत पाहिली म्हणजे या रीतीचा उत्कर्ष कोठवर गेला होता ते कळते. तिचा घेर सुमारे २५० मीटर, उंची काही ठिकाणी ११ मीटर, आणि पायथ्याची जाडी पाच मीटरांच्या वर. वायव्येच्या बाजूस जेथे कामाला आरंभ झाला, तेथे थर वाकडेतिकडे व चिरे ओबडधोबड आहेत. जसजसे आपण पूर्वेकडे व आग्नेयेकडे जावे तसतशी भिंत उंच, रुंद आणि सुरेख होत जाते, थर समपातळीत येतात, आणि अखेर आग्नेयेच्या माथ्यावर कोनाकोनांच्या दुहेरी पट्टीची नक्षी उमटते. एकाच भिंतीवर एका कारागीरवर्गाचे शिक्षण पूर्ण झालेले आपण पाहतो. परदेशातून तयार विद्या घेऊन कोणी येथे आले असते, तर पहिल्या दिवशीचे काम शेवटच्या दिवसाच्या कामाहून इतके कच्चे असण्याचे कारण नव्हते. वास्तविक एवढा एक पुरावा डोळ्यांपुढे उभा असता पुढच्या वादाला जागाच उरावयास नको होती.

या भिंतीच्या आत, तिला समांतर, एक जुनी भिंत धावते, आणि दोहोंमध्ये जेमतेम एका माणसाला जाता येईल असा पन्नासएक मीटर लांबीचा बोळ तयार झाला आहे. बोळाच्या शेवटी शंकूच्या आकाराचा तो प्रसिद्ध मनोरा उभा आहे: सुमारे दहा मीटर उंच, पायथ्याशी साडेपाच मीटर रुंद, आणि आतून पूर्ण भरीव. आत खजिना असावा या आशेने त्याच्या माथ्यापासून पायापर्यंत लोकांनी चाळवाचाळव केली, त्याच्या बुडाखाली खणून पाहिले. दगडांखेरीज काही निघाले नाही. आपल्याकडील शेतकऱ्याच्या घरातली कणगी ज्याने पाहिली आहे त्याला या मनोऱ्याचा आकार परका वाटणार नाही, आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाने त्याचा अर्थ असाच लावला आहे. तेथील शोना लोकांत राजा हा धान्याचा स्वामी. प्रजेने त्याच्याकडे धान्य भरावयाचे आणि त्याने अडीअडचणीला ते वाटावयाचे. तेव्हा दगडात उभारलेली ही कणगी म्हणजे राजाच्या दातृत्वाचे चिन्ह होय, असे त्याचे मत आहे. ते सर्वांना मान्य नाही, तथापि त्या समाजाच्या रीतीतून निघालेला अर्थ म्हणून मला तो अधिक ग्राह्य वाटतो.

परंतु दगडी भिंती हे नगर नव्हते. भिंती म्हणजे आडोसे. माणसे राहत होती ती मातीच्या घरांत. वारुळाची व ग्रॅनाइटची बारीक माती मळून जी तयार होते तिला तेथे ‘डागा’ म्हणतात. तिच्या जाड, गुळगुळीत भिंतींची, गवताने शाकारलेली, वाटोळी घरे भिंतींच्या आत आणि बाहेर दाटीवाटीने उभी होती. आतली मोठी व ऐसपैस, आणि बाहेरची इतकी लागून की एकाच्या वळचणीचे पाणी दुसऱ्याच्या दारात पडावे. एके काळी या नगराची वस्ती अठरा-वीस हजारांपर्यंत मानीत. अलीकडे अभ्यासक तो आकडा बराच खाली आणतात. घर पडले की त्याची माती सपाट करून तिच्यावर नवे घर, पुन्हा पडले की पुन्हा नवे, अशी जमीन पिढ्यानुपिढ्या वाढत गेली. कोण राहत होते, काय खात होते, कोठून काय आणीत होते, याची नोंद त्या थरांत झाली, दगडांत नाही. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील काळात झालेल्या हानीचे खरे माप कळते.

या थरांवरून जी कथा उभी राहते ती अशी. अकराव्या शतकाच्या सुमारास शोनांच्या पूर्वजांनी या खोऱ्यावरच्या टेकडीवर वस्ती केली. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील लिंपोपो नदीकाठचे मापुंगुब्वे हे राज्य ओस पडले, आणि सत्तेचे व व्यापाराचे केंद्र येथे आले. तेराव्या ते पंधराव्या शतकांत मोठ्या भिंती उभ्या राहिल्या. वैभवाचा मूळ पाया गुरेढोरे हा होता. टेकडीखालच्या उकिरड्यात जी हाडे सापडली, त्यांत बहुतेक कोवळ्या, ऐन भरातल्या जनावरांची आहेत. याचा अर्थ वर राहणाऱ्यांच्या पानात कळपातले उत्तम तेच पडत होते. सोने नगरात नव्हते. ते पठारावरच्या गारगोटीच्या शिरांतून काढीत. अरुंद विवरांतून माणसे उतरत, खडक तापवून फोडीत, वर आणून दळीत आणि नदीच्या पाण्यात धुवीत. नगराने या सोन्याच्या वाटेवर आपला हात ठेवला होता.

ती वाट सुमारे चारशे किलोमीटर पूर्वेस सोफाळ्याला, आणि तेथून गलबतांनी उत्तरेस किल्वा बेटाच्या बंदराला जात असे. १३३१ साली इब्न बतूता किल्व्याला उतरला, तेव्हा तेथे हसन बिन सुलेमान हा सुलतान राज्य करीत होता. सोफाळ्याच्याही पलीकडे एक महिन्याच्या वाटेवरून सोन्याची भुकटी येते, अशी बातमी बतूताला मिळाली. याच सुलतानाच्या नावाचे एक नाणे झिंबाब्वेच्या अवशेषांत सापडले आहे. बतूता जेथे पोहोचला नाही, तेथे त्या राजाचे नाणे पोहोचले होते.

आता आपल्या किनाऱ्याविषयी. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास सैमूर येथे, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदरात, येऊन गेला. त्याच काळात त्याने पूर्व आफ्रिकेच्या समुद्रातही प्रवास केला होता, आणि सोफाळ्याचे सोने व झंज देशाचा हस्तिदंत यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. तो हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात येतो, आणि तेथे खंजिरांच्या व तलवारींच्या मुठी आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या करण्यासाठी त्याला मोठी मागणी आहे, असे तो सांगतो. परतीच्या गलबतांत येथून कापड जाई, आणि जात ते काचेचे मणी: लाल, पिवळे, निळे, मोहरीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढे. चौलच्या उत्खननात मिळालेल्या मण्यांचे आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मण्यांचे रासायनिक पृथक्करण झाले आहे, आणि त्यांतील काही एकाच जातीच्या काचेचे ठरले आहेत. पोर्तुगीजांनी सोफाळ्याला किल्ला बांधला तो १५०५ साली. सोने हवे असेल तर खंबायतचे कापड व मणीच द्यावे लागतात, युरोपच्या मालाला येथे कोणी विचारीत नाही, हा धडा त्यांना लवकरच मिळाला.

पंधराव्या शतकाच्या मध्यास नगराला उतरती कळा लागली. सरपण दूर गेले, जमीन थकली, गुरांना चारा पुरेना. सोन्याचा ओघ उत्तरेस झांबेझी नदीच्या वाटेकडे वळला. मिठाच्या शोधात न्यात्सिम्बा मुतोता नावाचा राजपुरुष उत्तरेस गेला आणि त्याने मुतापाचे राज्य स्थापन केले, अशी शोनांची परंपरागत कथा आहे. पश्चिमेस खामी येथे दुसरी राजधानी उदयास आली, आणि भिंती बांधण्याची विद्या तेथे नव्या डौलाने चालू राहिली. विद्या नष्ट झाली नाही, लोकही नष्ट झाले नाहीत. राजधानी तेवढी हलली.

सप्टेंबर १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी येथे आला. त्याला वाट दाखविली ती त्या भागात राहणाऱ्या ॲडम रेंडर्स या शिकाऱ्याने. मोठ्या कोटाच्या दाराची लाकडी तुळई माउखने तासून पाहिली; लाकूड तांबूस व सुवासिक होते, आणि त्याच्याजवळच्या पेन्सिलीच्या लाकडाशी ते जुळते असे त्याला वाटले. पेन्सिल देवदाराच्या जातीच्या लाकडाची. तेव्हा तुळई लेबाननच्या देवदाराची. तो आणणारे फिनिशियन. अर्थात टेकडीवरील इमारत म्हणजे सॉलोमनच्या मंदिराची प्रतिकृती आणि खोऱ्यातील म्हणजे शेबाची राणी जेरुसलेमला ज्या वाड्यात राहिली त्याची, असा त्याने निर्णय दिला. ते लाकूड त्याच रानात उगवणाऱ्या तांबोटी नावाच्या झाडाचे होते. याच माउखने त्या टेकडीवर स्थानिक लोक पूर्वी कोणते विधी व यज्ञबळी करीत, याची माहिती विचारून आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली होती. उत्तर त्याच्याच वहीत होते. त्याने विश्वास ठेवला तो पेन्सिलीवर.

एका एकाकी प्रवाशाची ही कल्पना तशीच विरून गेली असती, पण तिला लवकरच धनी मिळाला. १८८९ साली सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला ब्रिटिश राणीची सनद मिळाली आणि पुढच्या वर्षी तिने या मुलखात शिरून अंमल बसविला. ज्यांची जमीन घ्यावयाची त्यांच्या पूर्वजांनी नगरे वसविली होती, हे मान्य करणे कंपनीच्या सोयीचे नव्हते. उलट प्राचीन काळी कोणी गोरे लोक येथे राज्य करून गेले होते असे ठरले, तर नवी स्वारी ही जुन्या वारशाचा परत ताबा ठरत होती. अवशेषांत, बहुतेक टेकडीवर, शंखजिऱ्याचे कोरलेले पक्षी होते. मीटरभर उंचीच्या खांबांवर बसविलेले, आठ सापडले. त्यांतील एक विली पोसेल्ट या शिकाऱ्याने १८८९ मध्येच खांबापासून तोडून नेला आणि तो ऱ्होड्सने विकत घेतला. केपटाउनच्या त्याच्या वाड्यात जिन्याच्या कठड्यावर त्याच्या लाकडी प्रतिकृती बसल्या. १८९१ मध्ये ऱ्होड्सच्या पाठिंब्याने थिओडोर बेंट येथे आला. त्याला जे मिळाले ते बव्हंशी स्थानिक लोकांच्या नित्य वापरातलेच होते, आणि तरीही त्याने नगराचे श्रेय अरबस्तानातून आलेल्या एका प्राचीन जातीला दिले. १८९५ साली एक कंपनी तर देशातील इतर अवशेष सोन्यासाठी खणून काढण्याचाच परवाना घेऊन उभी राहिली. पाच वर्षे तिचा धंदा चालला, आणि किती दागिने मुशीत वितळले त्याचा हिशेब आता लागणे नाही.

मात्र माझ्या मते सर्वांत मोठी हानी केली ती या लुटारूंनी नव्हे, तर १९०२ साली अवशेषांचा रक्षक म्हणून नेमलेल्या रिचर्ड हॉल या गृहस्थाने. इमारतींची जपणूक एवढेच काम त्याला सांगितलेले असता, मूळच्या परकीय बांधकामावर काफर लोकांनी टाकलेला हा केरकचरा आहे अशा समजुतीने, त्याने दोन वर्षे मोठ्या कोटातील व टेकडीवरील मातीचे थर उपसून बाहेर फेकले. काही ठिकाणी ते तीन मीटरांहून अधिक खोल होते. एकावर एक साचलेल्या घरांच्या जमिनी, चुली, मडकी, राख, हाडे, सारे गाड्यांतून गेले. १९०३ साली रेंडर्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोटात त्याला एक मोठा साठा मिळाला: चीनची हिरव्या झिलईची भांडी, इराणी वाडगा, लोखंडाच्या कुदळी व घंटा, तांब्याची तार, आणि हजारो मणी. कोणत्या थरात कोणती वस्तू कशाशेजारी होती, याची काटेकोर नोंद असती तर त्या एका साठ्याने नगराचा काल निश्चित केला असता. १९०४ मध्ये त्याला कामावरून दूर करण्यात आले; पण गेलेली माती परत येणार नव्हती.

पुढच्याच वर्षी डेव्हिड रँडल-मॅकायव्हर हा मिसर देशात तयार झालेला पुरातत्त्वज्ञ येथे आला. काही आठवड्यांच्या खोदकामात त्याला दिसले ते असे, की अगदी तळाच्या जमिनीत मिळणारी मडकी व अवजारे शेजारच्या गावांतल्यासारखीच आहेत, आणि परदेशी वस्तूंपैकी एकही मध्ययुगापूर्वीची नाही. त्याने आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘मध्ययुगीन’ हे विशेषण घातले. वसाहतीतील गोऱ्या लोकांनी गहजब केला, आणि हॉलने १९०९ मध्ये जाडजूड पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले.

वीस वर्षांनंतर हा वाद पुन्हा तपासण्याचे काम गर्ट्रूड केटन-थॉम्सन या विदुषीकडे आले. १९२९ साली त्या दोन तरुण स्त्रियांना सोबत घेऊन आल्या. त्यांतील कॅथलीन केन्यन पुढे जेरिकोच्या उत्खननाने जगप्रसिद्ध झाल्या. सारी जागा उकरलेली. तेव्हा बाईंनी शहाणपण केले ते असे, की भव्य इमारतींच्या मागे न लागता खोऱ्यातील मॉंड या नावाचा एक लहानसा, कोणी हात न लावलेला कोट त्यांनी निवडला आणि तो थराथराने उलगडला. डागाच्या जमिनीखाली, भिंतीच्या पायाखाली, म्हणजे भिंत उभी राहण्यापूर्वी जे पडले होते ते त्यांनी हातात घेतले: स्थानिक घडणीची मडकी, आणि समुद्रापलीकडून आलेले ते मणी. शंकूच्या मनोऱ्याखालून त्यांनी आडवा भुयारी चर काढला व तेथेही विरोधी पुरावा नसल्याची खात्री करून घेतली. दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: नगर आफ्रिकी लोकांचे, काल मध्ययुगीन. त्यांनी ठरविलेला आरंभकाल पुढे काही शतके अलीकडे आणावा लागला, परंतु मूळ निष्कर्षाला त्यानंतर धक्का लागलेला नाही. चुकीच्या माणसाने काढून टाकलेल्या हजारो गाड्या मातीत जे होते, ते एका लहान कोटाच्या शिल्लक मातीतून या विदुषींनी वाचून दाखविले, ही मला पुरातत्त्वविद्येतील अत्यंत थोर कामगिरी वाटते.

शास्त्राचा निकाल लागला, तरी सरकारचा लागला नव्हता. १९६५ साली तेव्हा ऱ्होडेशिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या देशातील गोऱ्यांनी परस्पर स्वातंत्र्य पुकारले. आफ्रिकी राष्ट्रवाद्यांनी तर त्यापूर्वीच आपल्या पक्षांच्या नावांत झिंबाब्वे हे नाव घेतले होते, त्यामुळे नगर कोणी बांधले हा प्रश्न राज्य कोणाचे या प्रश्नाशी एकरूप झाला. १९६९ मध्ये त्या भागाच्या प्रतिनिधीने पार्लमेंटात तक्रार केली की हे अवशेष केवळ स्थानिक लोकांचे म्हणून दाखविले जातात, आणि तसे होऊ नये. सरकारी मार्गदर्शिकांत सर्व मते सारख्याच वजनाने द्यावीत असा दबाव वाढला. स्मारकांचे वरिष्ठ निरीक्षक असलेले गार्लेक यांनी तो मानला नाही. १९७० मध्ये ते नोकरी व देश सोडून गेले, आणि १९७३ मध्ये त्यांनी या नगरावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

१८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला. त्याने या नगराचे नाव घेतले, आणि शंखजिऱ्याचा पक्षी निशाणावर आला. दुसऱ्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने आपल्या संग्रहालयातील पक्षी परत केले; मोबदल्यात झिंबाब्वेने मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या वर्गातील कीटकांचा एक नामांकित संग्रह दिला. एका पक्ष्याच्या खांबाचा खालचा भाग जर्मनीला गेला होता. तो २००३ मध्ये परत आला. १९८६ साली या स्थानाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. माउख आला तेव्हा टेकडीच्या आसपास मुगाबे घराण्याच्या लोकांची वस्ती होती, आणि त्यांच्याआधी ही भूमी आपली होती असे नेमान्वा कुळाचे लोक सांगतात. दोन्ही कुळांची माणसे आज कुंपणाच्या बाहेरच्या गावांत राहतात; पूर्वजांचे विधी टेकडीवर करण्याचा हक्क कोणाचा, यावर त्यांचा आपसांत वाद आहे आणि स्मारकखात्याशीही आहे.